अंदमान वुड पिजन शोधताय? या चुका टाळा

अंदमानहून परतल्यावर पक्षीमित्रांच्या ग्रुपवर ‘वुड पिजन (तिथलं रानकबुतर) मिळाला!’ म्हणून जे फोटो येतात, त्यांतले बरेचसे ग्रीन इम्पीरियल पिजन या दुसऱ्याच कबुतराचे असतात. फसायला कारणही आहे. दोघांची डोकी फिकट, पाठीवर हिरवी झाक, आणि बसायचं ते उंच झाडाच्या शेंड्यावर.

म्हणून पाठ राहू द्या, आधी पोट बघा. खालून बघताना दुर्बिणीत तेच जास्त दिसतं. इम्पीरियलचं पोट डोक्यासारखंच फिकट राखाडी असतं आणि शेपटीच्या बुडाशी गडद तपकिरी-लाल रंग दिसतो. वुड पिजन खालूनही काळसर राखाडीच. पांढुरकं दिसतं ते फक्त डोकं. चोच लाल, टोकाकडे पिवळसर. नुसतं ‘डोकं फिकट होतं’ एवढ्यावर नोंद करू नका.

सह्याद्रीत नीलगिरी वुड पिजन पाहिलेली मंडळी वेगळीच चूक करतात. मानेवरचा ठळक काळा-पांढरा बुद्धिबळाचा पट आणि तांबूस पाठ ती इथेही शोधत बसतात. अंदमानच्या पक्ष्याची पाठ तांबूस नसते आणि मानेवरची नक्षीही तितकी उठावदार नाही.

दुसरी गडबड वेळेची. बेटं इतकी पूर्वेला, पण घड्याळ आपलंच. सूर्य लवकर उगवतो आणि डिसेंबरात पाचच्या सुमारास मावळतोही. हॉटेलचा नाश्ता आटोपून आठला निघालात, तर सकाळ हातची गेलीच समजा.

जागाही नीट निवडा. हा दाट सदाहरित जंगलातला लाजरा पक्षी; किनाऱ्यावरच्या रिसॉर्टमध्ये तो भेटेल ही आशा सोडा. पोर्ट ब्लेअरजवळचं चिडिया टापू किंवा माउंट हॅरिएटचं (आताचं नाव माउंट मणिपूर) जंगल गाठा, फळांनी लगडलेलं झाड हेरा आणि तिथेच थांबा. सारखं फिरत राहिलात तर पंखांची फडफड तेवढी ऐकू येते. मोबाइलवर आवाज वाजवून त्याला बोलवायच्या भानगडीत पडू नका. जगात हा पक्षी फक्त अंदमान-निकोबारमध्ये आहे आणि आययूसीएन या जागतिक निसर्ग-संवर्धन संघटनेच्या यादीत तो संकटाच्या उंबरठ्यावरच्या गटात आहे.

आणि निकोबार पिजन? मानेभोवती लांब झुलती पिसं, आखूड पांढरी शेपटी असलेलं, जमिनीवर चरणारं ते कबुतर निराळंच. निकोबारच्या बहुतेक बेटांवर खास परवानगीशिवाय जाता येत नाही, त्यामुळे त्याच सहलीत तेही दाखवतो म्हणणाऱ्याला पैसे देण्याआधी ‘नेमकं कुठल्या बेटावर?’ एवढं विचारा.