फोल्डिंग सायकलच्या सीटची दांडी हलकी कशी करावी?

पुण्यात सिव्हिल कोर्टला मेट्रो बदलताना घडी घातलेली सायकल हातात घेऊन चाललं, की बारा किलो म्हणजे किती ते खांद्याला कळतं. वजन उतरवायला सीटपोस्ट, म्हणजे सीटची दांडी, ही चांगली जागा. फोल्डिंग सायकलला ती अर्धा मीटर किंवा त्याहून लांब असते. मात्र त्या लांबीमुळेच तिच्यावर ताणही जास्त येतो, शिवाय घडी घालता-उघडताना ती रोज वरखाली सरकते. धातू निवडताना या दोन्ही गोष्टी विसरू नका.

आधी दांडी काढून स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवा. चुंबक चिकटला तर ती पोलादी. मग व्हर्नियरने व्यास मोजा. फोल्डिंग सायकलच्या कंपन्यांपैकी ब्रॉम्प्टनचा 31.8 मिमी, डाहोन आणि टर्नच्या बऱ्याच मॉडेलचा 33.9 मिमी असतो. यात अंदाज चालत नाही.

आता हिशेब. 31.8 मिमी व्यासाची, 52 सेंमी लांब, 1.6 मिमी जाड पोलादी नळी साधारण 620 ग्रॅम भरते. त्याच मापात टायटेनियम 355 ग्रॅम. ॲल्युमिनियम तर 215 ग्रॅमच भरेल, पण फसू नका! ॲल्युमिनियमचा ताठपणा पोलादाच्या जेमतेम एक तृतीयांश. म्हणून नळी जाड करावी लागते, आणि 2.5 मिमी जाडीला वजन 320 ग्रॅमच्या पुढे जातं. म्हणजे टायटेनियमच्या आसपासच, आणि किंमत त्याच्या कितीतरी कमी.

म्हणून रोजच्या वापराला मी चांगलं ॲल्युमिनियमच सुचवेन. मात्र वारंवार बसणाऱ्या धक्क्यांनी हा धातू थकतो. आपल्या स्पीडब्रेकरवरून रोज जाणाऱ्यांनी दर महिन्याला दांडी पुसून क्लॅम्पच्या, म्हणजे दांडी आवळून धरणाऱ्या पट्टीच्या, जागी बारीक भेग दिसते का ते बघावं. भेग दिसली तर दांडी बदलायचीच. पावसाळ्यात गंज नको, वर्षानुवर्षं टिकावी आणि खिशाला परवडत असेल, तर टायटेनियम घ्या.

कार्बन फायबर सगळ्यांत हलकं, पण इथे नको. रोज सरकून त्यावर ओरखडे पडतात, क्लॅम्प जास्त आवळला तर ते चिरडतं आणि तुटताना आधी सूचना देईलच असं नाही.

नवी दांडी घेण्याआधी जुनी कापता येते का तेही पाहा. वर सांगितलेल्या पोलादी नळीचा दर सेंटिमीटर सुमारे 12 ग्रॅमचा, म्हणजे पाच सेंटिमीटर कापले की 60 ग्रॅम गेले. उंची कमी असलेल्यांना हा सगळ्यांत स्वस्त उपाय. पण कापल्यावरही कंपनीने सांगितलेली किमान लांबी फ्रेमच्या आत राहायलाच हवी. या किमान लांबीची दांडीवरची खूण खालच्या टोकापासून मोजून पुन्हा करून घ्या. ब्रॉम्प्टनमध्ये खाली सरकवलेली दांडीच घडी अडकवून ठेवते, काही सायकलींत घडी तिच्यावर उभी राहते. तिथे कापण्याआधी घडी घालून तपासा.

बसवताना दांडीला ग्रीस लावू नका, सीट घसरत राहील. कोरड्या फडक्याने पुसा, सीटच्या उंचीवर चिकटपट्टीची खूण करा आणि पहिला आठवडा रोज घरी आल्यावर ती खूण जागेवर आहे का ते बघा. खाली सरकली असेल तर क्विक रिलीजचा, म्हणजे दांडी आवळणाऱ्या खटक्याचा, नट थोडा आवळा.