सोपवलेले जपणे: मंडळीच्या सेवेत नव्याने येणाऱ्यांसाठी

सेमिनरीतील शिक्षण संपवून मी नाशिकच्या एका ख्रिस्ती मंडळीत सहायक पाळक म्हणून रुजू झालो, त्याला आता १९ वर्षे होतील. सेवेत येऊ पाहणारे तरुण मला बहुतेक वेळा संदेश, म्हणजे उपासनेतले प्रवचन, कसा तयार करावा हेच विचारतात. त्याचे उत्तर मी देतो. पण सेवकाची कसोटी व्यासपीठापासून बरीच दूर लागते हे मला स्वतःच्या चुकीतून कळले, म्हणून ती चूक आधी सांगतो.

सेवेच्या दुसऱ्या वर्षी एका घरभेटीत नाशिकरोडच्या एका भगिनीने आपल्या पतीचे व्यसन आणि त्यापायी गहाण पडलेले दागिने यांविषयी मला सांगितले. आम्ही प्रार्थना केली आणि मी निघालो. पुढे काही आठवड्यांनी हरवलेल्या पुत्राच्या दाखल्यावर संदेश देताना मी तो प्रसंग, नाव न घेता, उदाहरण म्हणून मांडला. ऐंशी-नव्वद कुटुंबांच्या मंडळीत नाव न घेण्याला काहीच अर्थ नसतो, हे मला तेव्हा उमगले नाही. उपासना संपल्यावर दारापाशी अनेकांनी संदेश फार भिडला असे सांगितले, आणि मी त्या आनंदात घरी गेलो. त्यानंतरचे पाच रविवार ती भगिनी आली नाही.

आमच्या ज्येष्ठ पाळकसाहेबांनी मला बोलावून घेतले आणि एवढेच विचारले, "ते उदाहरण तुम्ही त्यांना विचारून घेतले होते का?" मी त्याच संध्याकाळी क्षमा मागायला गेलो. तिने चहा ठेवला, बराच वेळ काही बोलली नाही, आणि मग म्हणाली, "पाळकसाहेब, तुम्ही देवाला सांगाल म्हणून मी तुम्हाला सांगितले होते." पुढे उत्तम शुक्रवारी ती परत आली, परंतु अनेक महिने शेवटच्या बाकावरच बसत असे.

प्रेषित पौल करिंथकरांस लिहिलेल्या पत्रात सेवकाला कारभारी म्हणतो आणि कारभाऱ्याने विश्वासू असले पाहिजे असे सांगतो. कारभाऱ्याच्या हाती असलेले काहीही त्याचे स्वतःचे नसते. त्या भगिनीचे दुःख माझ्याकडे सोपवलेले होते, आणि मी ते स्वतःच्या मालकीचे समजून माझा संदेश उठावदार करण्यासाठी खर्च केले. विश्वासूपणा आणि नम्रता हे दोन वेगळे गुण आहेत असे मी तोवर मानत होतो. पण माझा अविश्वासूपणा थेट गर्वातून, दारापाशी मिळणाऱ्या कौतुकाच्या ओढीतून आला होता.

पैशाबाबत फार लिहीत नाही. दानार्पण एकट्याने कधीही मोजू नका. दोघांनी मिळून त्याच दिवशी मोजावे, रक्कम वहीत लिहावी आणि दोघांनी सही करावी. यरुशलेमेच्या मदतीची रक्कम नेताना पौलानेही सोबत इतर बंधू घेतले होते, कोणी दोष काढू नये म्हणून.

सोपवलेले जपण्याचे एक उदाहरण आपल्या शहरातच आहे, आणि शरणपूर रोडने रोज जाणाऱ्या पुष्कळांना ते ठाऊक नसते. एकोणिसाव्या शतकात चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम सॉल्टर प्राइस यांनी वसवलेल्या शरणपूर या ख्रिस्ती वसाहतीत गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुले शिकत असत. जेकब वेनराइट त्यांपैकीच एक. १८७३ मध्ये स्कॉटिश मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन आफ्रिकेच्या अंतर्भागात वारले, तेव्हा त्यांच्या सोबत्यांनी त्यांच्या पेट्यांतील वस्तूंची नोंद सर्वांसमक्ष केली, आणि ती लिहिण्याचे काम वेनराइटकडे आले. लिव्हिंगस्टन यांचे हृदय तेथे पुरताना प्रार्थना त्यानेच वाचली. नंतर लिव्हिंगस्टन यांचे जुने आफ्रिकन सेवक सुसी आणि चुमा यांच्या नेतृत्वाखाली त्या सोबत्यांनी पार्थिव कित्येक महिने चालत समुद्रकिनाऱ्यापर्यंत आणले. आजारपण होते, वाटेत अडवणूक होती, आणि ते ओझे सोडून दिले असते तर जाब विचारायला जवळ कोणीही नव्हते. आमच्या गावच्या शाळेत शिकलेल्या त्या तरुणाने केलेली यादी मला अनेक प्रभावी संदेशांपेक्षा मोठी सेवा वाटते.

नव्याने येणाऱ्यांनी पहिली दोन वर्षे तरी एखाद्या ज्येष्ठ सेवकाच्या हाताखाली काढावीत, आणि तो चूक दाखवील तेव्हा लगेच कारण देऊ नये. घरभेटीत ऐकलेले घरीही, पत्नीजवळही, बोलू नये. पाळकाच्या घरात ही शिस्त पाळणे सर्वांत अवघड असते. जिवाला धोका असेल किंवा लहान मुलावर अत्याचार होत असेल, तर मात्र गप्प राहणे हा विश्वासूपणा नव्हे; तेथे पीडिताच्या बाजूने लगेच मदत मागितली पाहिजे.

आता कोणाच्याही आयुष्यातील प्रसंग संदेशात घेण्यापूर्वी मी त्या व्यक्तीच्या घरी जाऊन, काय सांगणार आहे ते शब्दशः वाचून दाखवतो आणि परवानगी मागतो. आजवर दोघांनी नको म्हटले. त्या दोन्ही रविवारी मी उदाहरणावाचून संदेश दिला.