क्रोशाची लाट तिरकी जातेय? सेफ्टी पिना लावा

लाटांची वीण शिकताना चौथ्या-पाचव्या ओळीत टाके कमी-जास्त होतात आणि सगळं उसवावं लागतं. भुसावळच्या आमच्या काकूंनी सांगितलेला उपाय मला फार कामी आला.

१. २६ साखळ्या घाला. सुईकडून दुसऱ्या साखळीपासून २५ मुके खांब (सिंगल क्रोशे).

२. पुढच्या ओळीपासून सुई टाक्याच्या फक्त मागच्या धाग्यात घाला. उठावदार रेघा त्यामुळेच येतात. पहिल्या टाक्यात २ मुके खांब, मग ४ साधे (प्रत्येक टाक्यात एक), ३ एकत्र (तीन टाके मिळून एक), ४ साधे, एकाच टाक्यात ३, पुन्हा ४ साधे, ३ एकत्र, ४ साधे, शेवटच्या टाक्यात २.

३. एकात घातलेल्या तिनांपैकी मधल्या टाक्याला पिवळ्या दोऱ्याची गाठ असलेली पिन, एकत्र केलेल्या टाक्याला साधी. दर ओळीत पिना वर सरकवा. पुढच्या ओळीतले ‘एकात ३’ पिवळ्या पिनेच्याच टाक्यात. साध्या पिनेचा टाका ‘३ एकत्र’च्या मधोमध.

दोन खुणांमध्ये ५ टाके (४ साधे आणि तिनांपैकी कडेचा एक) दिसले की झालं, अख्खी ओळ मोजायची गरजच नाही!

कडेचा पहिला आणि शेवटचा टाका मात्र दोन्ही धाग्यांतून घ्या, नाहीतर कड सैल पडते. आणि आपल्या खान्देशी उन्हाळ्यात लोकर घामेजल्या हाताला चिकटते, सरावाला सुती दोराच बरा.