बॅक दाबल्यावर फिल्टर हरवू देऊ नका

घरं दाखवणाऱ्या वेबसाइटवर माणूस एकच काम पुन्हा पुन्हा करतो. यादीतलं एक घर उघडतो, फोटो बघतो, मागे येतो, पुढचं उघडतो. नेमकं हे मागे येणंच बऱ्याच साइटवर बिघडलेलं असतं. बॅक दाबलं की लावलेले फिल्टर गायब, यादी पुन्हा पहिल्या घरापासून. तीन-चारदा असं झालं की माणूस कंटाळून निघून जातो, आणि त्यात त्याची काही चूक नसते.

उपाय सोपा आहे. बजेट, खोल्या, परिसर असे निवडलेले फिल्टर पानाच्या यूआरएलमध्येच, म्हणजे वेब पत्त्यातच, जाऊ द्या. मग बॅक दाबल्यावर तीच यादी मिळते, रिफ्रेश केलं तरी टिकते आणि तीच लिंक घरातल्यांना पाठवता येते. (घर काही एकट्याने ठरत नाही!) यादीत कुठवर आलो होतो, तेही जपा. न संपणाऱ्या स्क्रोलपेक्षा पान क्रमांक बरे; तेही यूआरएलमध्ये बसतात.

शून्य घरं सापडली तर कोरं पान नको. कोणती अट सैल केली तर किती घरं मिळतील, ते सांगा.

फोटोंचं म्हणाल तर पहिला लगेच, बाकीचे लेझी लोडिंगने, म्हणजे माणूस तिथवर पोचेल तेव्हाच. बटणं बोटाला सापडायला हवीत: डब्ल्यूसीएजी २.२ मध्ये (वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी यासाठीची मार्गदर्शक तत्त्वं) किमान २४ बाय २४ सीएसएस पिक्सेल सांगितलेत, मी ४४ च्या खाली जात नाही. आणि फोन नंबर दिल्याशिवाय किंमत न दाखवणं? ते बंदच करा.