ऑक्सिजन सेन्सर बदलताय? या चुका टाळा

चेक इंजिनचा दिवा लागला आणि स्कॅनरने पी०१३१ (सेन्सरचे व्होल्टेज कमी) किंवा पी०१७१ (मिश्रणात पेट्रोल कमी) असा कोड दाखवला, की लगेच नवा ऑक्सिजन सेन्सर मागवणे ही सर्वांत महागात पडणारी घाई आहे. हा सेन्सर पेट्रोल मोजत नाही. तो एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजतो. एवढे एक लक्षात ठेवले, तरी निदानातल्या बहुतेक चुका टळतात.

समजा, एका सिलिंडरचा स्पार्क प्लग नीट ठिणगी टाकत नाही. त्या सिलिंडरमधले पेट्रोल न जळताच बाहेर पडते आणि त्याच्याबरोबर न वापरला गेलेला ऑक्सिजनही जातो. सेन्सरला तो ऑक्सिजन जाणवतो, म्हणून तो मिश्रण लीन, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त, असल्याचे कळवतो आणि ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) आधीच वाया जात असलेल्या पेट्रोलमध्ये आणखी भर घालतो. मॅनिफोल्डचे गॅस्केट फुटले असेल किंवा सेन्सरच्या अलीकडे पाइपला बारीक चीर असेल, तर एक्झॉस्टच्या दाबातील चढउतारांमुळे बाहेरची हवा आत ओढली जाते आणि परिणाम तोच होतो. दोन्ही प्रसंगी सेन्सर खरे तेच सांगत असतो. म्हणून थंड इंजिन सुरू केल्याबरोबर जोडांपाशी टिकटिक ऐकू येते का आणि तिथे काजळीचा पट्टा उमटला आहे का, हे आधी पाहावे.

दुसरी चूक म्हणजे सेन्सर गार असताना व्होल्टेज तपासणे. झिरकोनियाचा नेहमीचा सेन्सर साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापल्याशिवाय विश्वासार्ह संकेत देत नाही. इंजिन पुरते गरम करून ते दोन-अडीच हजार आरपीएमवर दोनेक मिनिटे धरावे आणि मग स्कॅनरवर आकडे पाहावेत. पुढच्या, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (एक्झॉस्ट शुद्ध करणाऱ्या भागाच्या) आधीच्या, सेन्सरचे व्होल्टेज ०.१ ते ०.९ च्या दरम्यान सतत वर-खाली होत राहिले पाहिजे. हवा आणि पेट्रोलचे १४.७ ला १ हे प्रमाण साधारण ०.४५ व्होल्टच्या आसपास येते. आता ॲक्सिलरेटर एकदम दाबला, तर आकडा ०.८ च्या पुढे उडी मारतो आणि सोडताच जवळजवळ शून्यापर्यंत कोसळतो. इतक्या चपळाईने प्रतिसाद देणारा सेन्सर बदलण्यात अर्थ नाही.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या मागचा सेन्सर मात्र ०.६-०.७ व्होल्टच्या आसपास स्थिर असतो आणि तसाच असायला हवा. त्याला ‘अडकलेला’ समजून काढणारे कमी नाहीत. पुढे वाइडबँड (मिश्रणाचे नेमके प्रमाण मोजणारा) सेन्सर असेल, तर व्होल्टेजची ही कसोटी त्याला लागू पडत नाही, त्याचे लॅम्डा मूल्य (हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा आकडा) स्कॅनरवरच वाचावे. पी०१३५ हा कोड सेन्सरला तापवणाऱ्या हीटरच्या सर्किटचा आहे, तेव्हा आधी फ्यूज पाहावा आणि त्यानंतर कनेक्टर सोडवून मल्टिमीटरने हीटरचा रोध मोजावा. तो काही ओहम भरायला हवा. मीटर खंडित सर्किट दाखवत असेल, तरच हीटर गेला असे समजावे.

सेन्सर खरोखर निकामी ठरला, तर तो इंजिन कोमट असताना, आट्यांवर पेनिट्रेटिंग ऑइल मुरवून, वायरीसाठी खाच असलेल्या २२ मिलिमीटरच्या सॉकेटने काढावा. काढल्यावर त्याचे टोक निरखून पाहावे. काळी मऊ काजळी असेल, तर मिश्रण रिच, म्हणजे पेट्रोल जास्त असलेले, आहे. पांढरा थर बहुधा सिलिकॉन सीलंटकडे बोट दाखवतो. मूळ कारण तसेच राहिले, तर नव्या सेन्सरची गतही तीच होईल.

वायर कापून डाग देण्याचा मोह टाळावा. अनेक सेन्सर तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा वायरीच्या तारांमधल्या फटींतूनच घेतात. सोल्डर त्या फटी बुजवतो, आणि कनेक्टरमध्ये ग्रीस भरले, तरी तोच धोका असतो. नव्या सेन्सरच्या आट्यांवर बहुतेक वेळा अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारा लेप) लावूनच येते, त्यामुळे पुन्हा लावण्याची गरज नसते आणि टोकाला तर ते मुळीच लागता कामा नये. हातातून फरशीवर पडलेला सेन्सर बसवू नये, कारण आतल्या सिरॅमिकला गेलेला तडा बाहेरून दिसत नाही.

माझी स्वतःची चूक सांगतो: एकदा कनेक्टर आधी जोडून मी सेन्सर आवळत बसलो आणि वायरीला इतका पीळ पडला, की इन्सुलेशन फाटले. आधी आटे हाताने बसवावेत, मग कंपनीने दिलेल्या टॉर्कने, म्हणजे अठरा मिलिमीटरच्या आट्यांसाठी बहुधा ४० ते ५० न्यूटन-मीटरने, आवळावे आणि कनेक्टर सर्वांत शेवटी जोडावा.

शेवटी स्कॅनरने कोड पुसून गाडी काही दिवस चालवावी आणि फ्युएल ट्रिमवर (ईसीयू पेट्रोलमध्ये किती टक्के भर किंवा घट करतो त्या आकड्यावर) लक्ष ठेवावे. तो पुन्हा २० टक्क्यांच्या वर चढू लागला, तर जुना सेन्सर टाकून देऊ नये. तो बहुधा चांगलाच होता.