‘अप्रेझिंग’ वापरताना या चुका टाळा

‘ही गेव्ह मी ॲन अप्रेझिंग लुक.’ असं वाक्य उताऱ्यात आलं की आपल्याकडची बरीच पोरं अर्थ लिहितात, ‘त्यानं माझ्याकडं कौतुकानं पाहिलं.’ कानात ‘प्रेझ’ म्हणजे कौतुक घुमतं, म्हणून हे होतं. दोन्ही शब्दांचं मूळ एकच आहे, किंमत या अर्थाचा लॅटिन शब्द ‘प्रेटिअम’. पण आज त्यांच्या वाटा वेगळ्या आहेत. अप्रेझिंग लुक म्हणजे पारखणारी, किंमत जोखणारी नजर. तिच्यात कौतुक नाही आणि हेटाळणीही नाही.

बैलबाजारात गिऱ्हाईक काय करतो ते आठवा. जबडा उघडून दात पाहतो, खूर पाहतो, खांद्यावर हात फिरवतो, चार पावलं चालवून बघतो. जोडी मनात भरली की नाही, हे चेहऱ्यावर दिसू देत नाही, कारण दिसलं की भाव चढलाच. ती नजर अप्रेझिंग. जिनिंगवर मूठभर कापूस हातात घेऊन धाग्याची लांबी ताणून पाहणाऱ्याची नजरही तीच. हा अर्थ गावच्या पोरांना शहरातल्यांपेक्षा लवकर कळायला हवा, असं मला मनापासून वाटतं. कौतुकच सांगायचं असेल तर ‘अप्रिशिएटिव्ह’ लिहा.

दुसरी चूक स्पेलिंगची. ‘अप्रेझ’मध्ये ‘आर’नंतर ए आणि आय दोन्ही असतात. तो ए गाळला की ‘अप्राइज’ होतं, म्हणजे कळवणं, माहिती देणं. ‘प्लीज अप्रेझ मी ऑफ द डेट’ असं अर्जात लिहिलेलं दिसतं. तिथं अप्राइज हवं.

तिसरी, अप्रेझिंग आणि अप्रेझ्ड यांची अदलाबदल. पेरणीच्या तोंडावर दागिने तारण ठेवायला बँकेत गेलात की सोनं तपासणारा अप्रेझर वजन करतो, कस पाहतो. त्याची नजर अप्रेझिंग. त्यानं ठरवलेली किंमत मात्र ‘अप्रेझ्ड व्हॅल्यू’. नजर जोखते, किंमत जोखली जाते.

जागाही सांभाळा. हे विशेषण बहुतेक वेळा नामाच्या आधी येतं आणि ती नामं थोडीच: लुक, ग्लान्स, आय, स्टेअर. ‘माय फादर इज व्हेरी अप्रेझिंग’ कानाला खटकतं. बाबांची पारख चांगली आहे म्हणायचं असेल तर ‘माय फादर इज अ गुड जज ऑफ कॅटल’ लिहा. क्रियापदासोबत ‘अप्रेझिंगली’ चालतं: ‘ही लुक्ड अप्रेझिंगली ॲट द बुलॉक्स.’