पगाराची पावती हाती आल्यावर

२४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळच्या सावार येथे कपड्यांचे कारखाने असलेली राणा प्लाझा ही इमारत कोसळून ११३४ माणसे गेली, हे शिलाई कामगारांच्या हक्कांच्या कामात येऊ पाहणाऱ्यांना नव्याने सांगायला नको. ढिगाऱ्यातून कपड्यांची लेबले आणि ऑर्डरचे कागद वेचले गेले, त्यामुळे कित्येक ब्रँडना अंग झटकणे जड गेले. महाविद्यालयात हे ऐकून, पुरावा म्हणजे कागद एवढेच डोक्यात घेऊन मी सांगलीत कामाला लागले.

जिल्ह्यातील एका शिलाई कारखान्यातल्या ताईंनी मला पगाराच्या पावतीचा फोटो पाठवला. ओव्हरटाइमचा दर कायद्याने दुप्पट हवा, तो साधाच लावला होता. मी नाव आणि टोकन नंबर काळे केले व फोटो परदेशातील एका गटाला पाठवला. तिथून तो ब्रँडकडे आणि ब्रँडकडून थेट कारखान्याच्या मॅनेजरकडे गेला. पावतीवर हजेरीचे साडेतेवीस दिवस तसेच दिसत होते. त्यांच्या लाइनवर, म्हणजे मशीनच्या रांगेत, मुलाच्या तापात अर्ध्या दिवसाची रजा घेतलेल्या एकट्या त्याच होत्या. चार दिवसांत त्यांना मशीनवरून उठवून धागे कापायला बसवले आणि महिनाअखेरीस ‘काम कमी आहे’ म्हणून घरी पाठवले.

नाव झाकले म्हणून माणूस झाकला जात नाही. हजेरी, उचल, कापलेली रक्कम, पीएफचा आकडा, फोटोच्या कडेला आलेली घरातली फरशी, यांतले काहीही सुपरवायझरला पुरते. म्हणून एकाच पावतीवर तक्रार कधीही करू नये. निरनिराळ्या लाइनींवरच्या दहा-बारा जणींचे आकडे वहीत उतरवावेत, मूळ फोटो कोणालाही देऊ नये आणि काय काय होऊ शकते हे समोर बसून सांगितल्याशिवाय एक ओळही बाहेर जाऊ देऊ नये. फोनवर ‘चालेल ना ताई?’ असे विचारणे म्हणजे संमती नव्हे; मी तेवढेच विचारले होते.

ऑनलाइन सह्यांच्या मोहिमांवर माझा फारसा विश्वास नाही आणि एका दिवसाच्या शिबिरात घोषणा शिकवणाऱ्या मार्गदर्शकांवर तर त्याहून नाही. विट्याच्या यंत्रमागांवर आयुष्य काढलेल्या एका काकांनी मला इतकेच सुनावले, ‘‘नोकरी तुझी जाणार नाही, हे आधी ध्यानात धर.’’ तेवढ्याने महिनाभर मला कोणाच्या दारात जाववले नाही.

तरीही घाबरून परत फिरू नका. तमिळनाडूत दिंडीगल येथे २०२२ मध्ये स्त्री कामगारांच्या युनियनने कारखान्यातील लैंगिक आणि जातीय छळाविरुद्ध बंधनकारक करार करून घेतला. त्या करारात प्रत्यक्ष कामाच्या जागी लक्ष ठेवणाऱ्या बायका युनियनने निवडलेल्या होत्या. त्यामुळे तक्रार कोणा एकटीच्या अंगावर येत नसे. अशी युनियन आपल्याकडे नसेल, तर तिची जागा ब्रँडला लिहिलेले पत्र भरून काढत नाही, हे मला फार उशिरा कळले.

त्या ताई आता घरी ब्लाउज शिवतात. गेल्या पावसाळ्यात त्याच मला आणखी तिघींकडे घेऊन गेल्या. दार वाजवण्यापूर्वी त्या एवढेच म्हणाल्या, ‘‘मोबाइल पिशवीत ठेव.’’